आयर्विनला 45 फूट म्हणजे आमच्या गल्लीत किती? पूरखुणांचा लोकनकाशा करूया

गावभागची_लेक

नमस्कार मंडळी,

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आधी एकच विचारतो, "आयर्विनला किती झालं?" कुणीतरी मोबाइल काढून आकडा सांगतं आणि मग जो तो आपापल्या परीने हिशोब मांडतो. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण हा आकडा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेला. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी कधी लागणार आणि त्याआधी कुठला रस्ता बंद होणार, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं फक्त जुन्या माणसांना. आमच्या गल्लीतल्या आजी होत्या तोवर कुणाला नकाशाची गरज नव्हती. त्या नुसता आकडा ऐकून "आता गॅसची टाकी वर घ्या" म्हणायच्या. आजी गेल्या, त्यांचा हिशोबही गेला. कुणी लिहून घेतला नव्हता.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागात 40 फूट व्हायच्या आधीच पाणी येतं. म्हणजे 'इशारा पातळी' जाहीर होते तेव्हा तिथल्या लोकांची सामान हलवायची वेळ टळून गेलेली असते. त्यांच्या घरासाठी इशारा वेगळ्या आकड्याला मिळायला हवा. तो आकडा कुणी सांगत नाही, कारण तो कुठेच नोंदलेला नाही.

दुसरी गोष्ट 2019 ची. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं आणि त्याची रेघ घराघरांत भिंतीवर होती. 2019 ला लोकांनी त्या रेघेच्या भरवशावर सामान वर चढवलं. आमच्या शेजाऱ्यांनी फ्रिज टेबलावर, धान्याची पोती त्याच्या वरच्या फळीवर, सगळं 2005 च्या रेघेच्या वर वीतभर सोडून नीट लावलं होतं. पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. फळी, पोती, फ्रिज सगळं बुडालं आणि माणसं गच्चीवर अडकली. 2021 ला पुन्हा तेच, तेव्हा 54 च्या वर.

माझं म्हणणं असं: प्रत्येक गल्लीतल्या दोन-तीन पक्क्या ठिकाणी (देवळाची पायरी, शाळेचं फाटक, रेशन दुकानाचा ओटा) तीन गोष्टी नोंदवायच्या. इथे पहिलं पाणी लागलं तेव्हा आयर्विनला किती होतं. 2005, 2019, 2021 ला इथे किती चढलं. आणि इथून बाहेर पडायचा कुठला रस्ता आधी बंद होतो. हे नकाशावर टाकायचं, सगळ्यांना खुलं ठेवायचं, आणि छापून गल्लीत लावायचं.

घाई यासाठी की दिवाळी तोंडावर आहे. रंगाचा हात फिरला की खुणा जातात. बऱ्याच घरांतून गेल्याच आहेत.

कुणी असं काम केलंय का? कुठून सुरुवात करावी?

---

नकाशावेडा

ताई, फार चांगला विषय काढलात. मी मूळचा मिरजेचा, सध्या पुण्यात. ओपनस्ट्रीटमॅपवर बरीच वर्षं हौसेने काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

ओपनस्ट्रीटमॅप 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालं. विकिपीडियासारखं कुणीही भर घालू शकतं आणि माहिती कुणीही फुकट वापरू शकतं. वस्तीने आपला नकाशा स्वतः करण्याचं ठळक उदाहरण नैरोबीतल्या किबेराचं. एवढी मोठी झोपडवस्ती, पण नकाशावर 2009 पर्यंत जवळपास कोरी जागा होती. तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन पाणवठे, संडास, दवाखाने, शाळा टाकल्या. टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये 2015 पासून विद्यार्थी आणि वस्तीतली माणसं मिळून गटारं, नाले आणि पूर कुठवर येतो ते नोंदवू लागली. ते काम तुमच्या कल्पनेच्या अगदी जवळचं. आपल्याकडे डिसेंबर 2015 मध्ये चेन्नई बुडाली तेव्हा कुठले रस्ते पाण्याखाली आहेत हे लोकांनीच या नकाशावर एकेक करून टाकलं होतं. पण ते पूर आल्यावर. तुम्ही आधी करायचं म्हणताय, त्याचं मोल जास्त आहे.

साधनं सगळी फुकट आहेत. माहिती गोळा करायला कोबो टूलबॉक्स: मराठीत फॉर्म बनतो, रेंज नसली तरी फोनवर भरता येतो, घरी वायफायला आल्यावर पाठवता येतो. दाखवायला यूमॅप: ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर आपला थर चढवून लिंक देता येते. छपाईसाठी क्यूजीआयएस, हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर.

एक विनंती. गूगलच्या नकाशावरून बघून नावं, रस्ते उतरवू नका. त्यांच्या परवान्यात ते बसत नाही आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून ते काढून टाकलं जातं. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच टाकायचं. 'अमक्या साली इथे गुडघाभर होतं असं म्हणतात' ही ऐकीव माहिती मूळ नकाशात जात नाही, ती आपल्या वेगळ्या थरात ठेवायची. भिंतीवर रंगवलेली किंवा कोरलेली पूरखूण मात्र मूळ नकाशात टाकता येते, त्यासाठी स्वतंत्र टॅग आहे.

आणि फोनमधली उंची कधीही वापरू नका. जागा चार-पाच मीटरच्या फरकाने बरी येते, पण उंचीत त्याहून मोठी चूक असते. इथे तर फुटा-फुटाचा प्रश्न आहे. उपग्रहावरून केलेले उंचीचे फुकट नमुने मिळतात, तेही गल्लीच्या कामाचे नाहीत. त्यांत छपरं आणि झाडंसुद्धा जमीन म्हणून धरलेली असतात.

---

ओळंबा

मी बांधकामात आहे. तीस वर्षं झाली. उंचीचं काम आमच्यावर सोडा.

लेव्हल काढायला मशीन लागतंच असं नाही. आमची पाण्याची नळी बास आहे. पारदर्शक नळी घ्यायची, पाणी भरायचं, दोन टोकांना दोन माणसं. दोन्हीकडं पाणी थांबलं की ती एक लेव्हल, मग मधी भिंत असू दे नाहीतर वळण. फक्त दोन गोष्टी बघायच्या. नळीत बुडबुडा राहिला की लेव्हल खोटी येती, आणि बघताना दोन्ही टोकांवरचा अंगठा काढलेला पाहिजे. गल्लीत एक पक्की जागा धरायची, उदा. देवळाची पहिली पायरी, आणि तिथनं सगळ्या घरांच्या खुणा मोजायच्या. एका गल्लीत नळीनं काम अर्ध्या इंचात बसतं. एका गल्लीतनं दुसऱ्या गल्लीत असं लांब लांब न्यायला लागलात की चूक साठत जाती. तिथं ऑटो लेव्हल (दुर्बिणीचं मशीन) आणायला लागंल. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना विचारा, सिव्हिलवाल्यांना सर्व्हेचं प्रॅक्टिकल असतंच की.

आता खुणेचं. हे नीट वाचा, कारण इथं सगळे फसतात. पूर ओसरल्यावर भिंतीवर दोन रेघा दिसतात. खालची गाळाची. बारीक, मातकट, एकदम सरळ. वरची ओलीची. ती वाकडीतिकडी असती, तिथं रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरा खार येतो. ओल भिंतीतनं वर चढती, फूट-दीड फूट सुद्धा. लोक त्या वरच्या रेघेला पुराची खूण म्हणून दाखवतात. खरी खूण गाळाची. बाहेरची भिंत धुतली असंल तर लाकडी कपाटाच्या मागं बघा, जिन्याखाली बघा, मीटरच्या पेटीच्या आत बघा. तिथं रंगारी पोचत नाही.

---

गावभागची_लेक

ओळंबादादा, हे सोनं आहे. मीटरच्या पेटीचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.

---

हरिपूरकर

ज्येष्ठ सभासद म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. पाण्याचा पृष्ठभाग नदीच्या पुरात सपाट नसतो. आयर्विनला 50 आहे म्हणजे गावभागात, हरिपुरात आणि सांगलीवाडीत त्याच समुद्रसपाटीच्या उंचीला पाणी उभं आहे असं समजू नये. वरच्या अंगाला ते थोडं उंच असतं, खालच्या अंगाला उतरतं. शिवाय आमच्या हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणेला पूर असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. वारणा शांत असताना आयर्विनचा जो आकडा आमच्याकडे निभावतो, तोच आकडा वारणा भरलेली असताना निभावत नाही. तसंच खाली पंचगंगा नरसोबावाडीला मिळते, तिचंही आहेच.

शहरात आणखी एक भानगड. बऱ्याच वस्त्यांत पाणी नदीच्या तोंडाने येतच नाही. ते शेरीनाल्यातून आणि गटारांतून उलटं येतं. लोक नदीकडे बघत बसतात आणि पाणी मोरीतून घरात येतं.

त्यामुळे कुणी संगणकावर एक पातळी धरून, तिच्या खालचं सगळं निळं रंगवून नकाशा केला तर तो दिसायला सुंदर होईल आणि चुकीचा असेल. ताईंची पद्धत, म्हणजे प्रत्येक जागेचा तिचा तिचा आकडा, हीच बरोबर आहे. फक्त एका जागेला एकच आकडा मिळणार नाही याची तयारी ठेवा. दोन पुरांत दोन वेगळे येतील. दोन्ही लिहा. सरासरी काढू नका. लोकांना सांगताना त्यातला कमी आकडा सांगा.

---

प्लॉटधारक

विरोध म्हणून नाही, पण बोललं पाहिजे म्हणून लिहितोय. आमचं घर पूरपट्ट्यात येतं. वडिलांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मिळालेले सगळे पैसे घालून बांधलं. उद्या तुमच्या नकाशात आमच्या दारावर "2019: 9 फूट" असं लिहून आलं तर ते घर कुणी विकत घेईल का? बँक कर्ज देईल का? आधीच पूररेषेची निळी रेषा-लाल रेषा म्हणून बांधकाम परवानगीत जीव मेटाकुटीला येतो. वर आपणच आपल्या हाताने पुरावा तयार करून द्यायचा?

आणि दुसरं. पुरानंतर पंचनामे होतात, सानुग्रह अनुदान मिळतं. कुणाच्या घरात किती पाणी होतं हे पुढे तपासायला हा नकाशा वापरला, आणि तुमच्या नोंदीत आमचं घर राहून गेलं, तर?

---

दत्तनगर_2021

प्लॉटधारक, तुमची काळजी खोटी नाही. पण दुसरी बाजूही ऐका.

मी भाडेकरू आहे. 2021 च्या मे महिन्यात तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. नवरा कंपनीत, मी शिवणकाम करते. घर दाखवताना भिंतींना नवा रंग होता. पुराचा विषय कुणी काढला नाही, आणि मी सोलापूरकडची, मला विचारायचंही सुचलं नाही. जुलैत पाणी आलं. शिलाई मशीन डोक्यावर घेऊन बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा गल्लीच्या टोकाला कमरेइतकं होतं. ग्राहकांचं कापड तसंच राहिलं. ते भरून द्यायला पुढची दिवाळी गेली.

ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांना आपलं घर किती बुडतं ते माहीत असतं. बाहेरून आलेल्याला, भाड्याने राहणाऱ्याला, हॉस्टेलच्या पोरींना, बांधकामावरच्या मजुरांना माहीत नसतं. सगळ्यात खालच्या मजल्यावर आणि सगळ्यात खोलगट जागी तेच राहतात. ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी हा नकाशा पाहिजे.

आणि घरातल्या बायकांना विचारा. पाणी आधी कुठल्या मोरीतून आलं, कुणाकडे दोन तास आधी आलं, हे त्यांना तारीखवार सांगता येतं. दारात फॉर्म घेऊन उभं राहिलात की बोलायला पुरुष पुढे येतील.

---

गावभागची_लेक

प्लॉटधारक, तुमच्या प्रतिसादावर काल रात्री घरी बराच खल झाला. मला वाटतं घराची नोंद करूच नये. रस्त्याची, चौकाची, सार्वजनिक भिंतीची करावी. देवळाची पायरी, शाळा, विजेचा खांब, पाण्याची टाकी. घरातल्या खुणा बघायच्या त्या पडताळणीसाठी, पण नकाशावर चढवायचं ते गल्लीतल्या पक्क्या जागेवर आणून. घरमालकाचं नाव, घर क्रमांक, आतले फोटो काहीही घ्यायचं नाही. मग कुणाच्या दारावर शिक्का बसत नाही, आणि "अमक्याच्या घराची नोंद राहिली" हाही प्रश्न येत नाही. शेवटी माणसाला हवी असते ती गल्लीचीच माहिती.

निळ्या-लाल रेषेशी याचा संबंध जोडू नये. ती पाटबंधारे खात्याची रेषा आहे, साधारण 25 वर्षांत एकदा आणि 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हिशोबाने आखलेली, आणि तिचा उपयोग बांधकामाच्या परवानगीसाठी. आपल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहू: ही रहिवाशांनी सांगितलेली माहिती आहे, परवानगी किंवा भरपाईसाठी नाही.

दत्तनगर, तुमच्याशी मला प्रत्यक्ष बोलायचंय. तुम्ही सर्वेक्षणात आमच्याबरोबर फिराल का? बायकांशी बोलायला तुमच्यासारखं कुणी हवंच.

---

दत्तनगर_2021

फिरेन. रविवार सोडून कुठलाही दिवस दुपारी. रविवारी कपडे द्यायचे असतात.

---

माहिती_हक्कवाला

इथे एक कच्चा दुवा आहे. "पाणी लागलं तेव्हा आयर्विनला किती होतं" हे पाच-सात वर्षांनी कुणाला नक्की आठवणार नाही. माणसाला दिवस आणि वेळ आठवते: "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी दिवे लावले तेव्हा." आकडा आपण दप्तरातून काढायचा.

पुराच्या काळात पाटबंधारे विभाग आयर्विनच्या पातळीची तासागणिक नोंद ठेवतो. जुलै-ऑगस्ट 2005, ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्जाला 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "पुराची सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका, अशा अर्जाला मोघमच उत्तर येतं. लिहा: "आयर्विन पूल येथील पाणीपातळीच्या ताशी नोंदवहीच्या छायाप्रती, दिनांक अमुक ते तमुक." त्याच अर्जात दुसरा मुद्दा टाका: मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे. तो एक आकडा हाती आला की ओळंबांच्या गल्लीतल्या मोजण्या पुढेमागे पुलाच्या आकड्याशी जोडता येतील.

खरं तर कायद्याच्या कलम 4 प्रमाणे ही माहिती कुणी न मागताच खुली असायला हवी. तेही अर्जात लिहा. 2005 च्या वह्या मिळतीलच याची खात्री देत नाही, पण मागायला काय हरकत आहे? मसुदा मी करून देतो. सही मात्र सांगलीतल्या कुणीतरी करा, म्हणजे नोंदवही प्रत्यक्ष बघायला बोलावलं तर जाता येईल.

---

नकाशावेडा

यात एक भर. 2019 आणि 2021 ला जवळपास प्रत्येकाने फोनवर फोटो काढलेत. मूळ फोटोच्या आत तारीख आणि वेळ साठवलेली असते, लोकेशन चालू असेल तर जागाही. गल्लीत पाणी घुसतानाचा एक फोटो आणि त्या तासाची आयर्विनची नोंद, एवढ्यावर त्या जागेचा आकडा मिळाला. आठवणीवर विसंबायलाच नको.

मात्र व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालत नाही. पाठवताना आतली माहिती पुसली जाते. ज्याने काढला त्याच्या फोनमधूनच, नाहीतर त्याच्या गूगल फोटोजमधून बघायचा. व्हॉट्सॲपवर द्यायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडून पाठवा, तसा पाठवला तर माहिती टिकते. फोटोत माणसं असतील तर तो आपण ठेवायचा नाही, वेळ आणि जागा टिपून घेऊन सोडून द्यायचा.

---

सांगलीवाडी_बुद्रुक

परवानगी लागते का कुणाची? नकाशा करायला? पोलिसांनी हटकलं तर काय सांगायचं?

---

नकाशावेडा

15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राने नकाशांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे करायला पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांवर काय आहे ते लिहायचं नाही, ते आपण लिहीतही नाही. एक बारीक अट लक्षात ठेवू. आडव्या अंतरात 1 मीटरपेक्षा आणि उंचीत 3 मीटरपेक्षा जास्त अचूक माहिती भारतीयांनीच गोळा करायची आणि ती देशातच साठवायची. ऑटो लेव्हलने काढलेली समुद्रसपाटीपासूनची उंची त्यात येते. म्हणून तो तक्ता आपल्याकडेच, सांगलीतल्या संगणकावर आणि कागदावर ठेवू. बाहेरच्या सर्व्हरवर जाईल ते फक्त ठिकाण आणि "इथे आयर्विन अमुकला पाणी लागतं" एवढंच. बाकी हटकलं तर काय करतोय ते सरळ सांगायचं. वॉर्डातल्या नगरसेवकाच्या आणि पोलीस ठाण्याच्या कानावर आधी घातलेलं बरं.

---

भिलवडीकर

तुम्ही शहराचं बोलताय. आमच्याकडं भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात आयर्विनचा आकडा कळून उपयोग नसतो. आम्ही वरच्या अंगाला. तिकडं आकडा वाढायच्या आधी आमच्या शिवारातनं पाणी गेलेलं असतं. आम्ही कोयनेतनं किती सोडलं आणि कराडला काय चाललंय ते बघतो.

8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. त्यावर पुष्कळ बोललं गेलं. पण बोटीत बसायची वेळ का आली हे कुणी नकाशावर मांडलं का? गावाला बाहेर काढणारा रस्ता माणसं निघायच्या आधी पाण्याखाली जातो. कृष्णा एका अंगाला, येरळा दुसऱ्या अंगाला. म्हणून माझी विनंती, तुमच्या तीन प्रश्नांतला तिसरा, रस्त्याचा, तो पहिला घ्या. घरात पाणी आलं तर माणूस माळ्यावर जाईल. रस्ता गेला की तो अडकला.

दुसरं, जनावरं. शेतकरी घर सोडत नाही ते सामानासाठी नाही, म्हशीसाठी. ट्रॅक्टर-ट्रॉली चालते तोवर जनावरं निघतात, त्यानंतर नाही. ट्रॉलीचा शेवटचा आकडा आणि माणसांचा शेवटचा आकडा असे दोन वेगळे लिहावे लागतील. आणि जनावरं नेऊन बांधायची कुठं, चारा-पाणी असलेली उंचावरची जागा कुठली, तेही नकाशात पाहिजे. ते नसंल तर कुणी हलणार नाही, कितीही फलक लावा.

---

ऱ्हाइनकाठ

माहेर सांगलीचं, आता जर्मनीत कोलोनला असते. भिलवडीकरांचं वाचून राहवलं नाही.

इथे ऱ्हाइनला पूर येतो तेव्हा कोलोनच्या मोजपट्टीचा आकडा बातम्यांत सांगतात, अगदी आपल्या आयर्विनसारखा. पण इथे प्रत्येक आकड्याला एक कृती जोडलेली आहे. 6.20 मीटर झाले की जहाजांना वेग कमी करावा लागतो आणि नदीच्या मधोमध चालावं लागतं. 8.30 मीटरला जहाज वाहतूक बंद. 'धोका' या शब्दाने माणूस घाबरतो, पण पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही. कृती जोडलेली असली की कुणाला विचारत बसावं लागत नाही. आपल्या फलकावरही "41: धोका" असं न लिहिता "38: जनावरं हलवा. 40: म्हातारी माणसं, गरोदर बायका, डायलिसिसचे पेशंट बाहेर. 42: हा रस्ता बंद" असं असावं. (आकडे मी उगाच घेतलेत, खरे तुम्ही काढाल.)

आणि खुणांबद्दल. डॅन्यूबकाठच्या पासाऊ गावात नगरपालिकेच्या जुन्या इमारतीवर शेकडो वर्षांच्या पूरखुणा सालासकट लावल्यात. 2013 ला तिथे पाणी 12.89 मीटरवर गेलं, 1501 नंतरचं सर्वांत जास्त. ती खूण आता भिंतीचाच भाग आहे. आपल्याकडे रंगाऱ्याच्या आधी पोचायची धडपड चाललीय, त्यापेक्षा दगडी किंवा स्टीलची छोटी पट्टी सार्वजनिक भिंतीवर कायमची बसवता येणार नाही का? खर्चाला इथल्या आम्ही चार सांगलीकर हातभार लावू.

---

हरिपूरकर

पट्टी बसवायला माझी ना नाही, पण एक भीती बोलून दाखवतो. 2019 ला लोक 2005 च्या रेघेच्या भरवशावर राहिले. उद्या आपण 2019 ची स्टीलची पट्टी लावली की लोक 57 फुटांच्या भरवशावर राहतील. पट्टी जितकी पक्की, तितका भरवसा पक्का. म्हणून पट्टीवर नुसतं साल आणि उंची नको. "पाणी याच्या वरही येऊ शकतं" हे त्याच आकाराच्या अक्षरांत हवं. आणि पट्टीच्या शेजारीच "इथे पाणी लागायला लागलं की पुलावर किती असतं" हा खालचा आकडा हवा. लोकांची नजर वरच्या आकड्याकडे जाते. आपल्याला ती खालच्या आकड्याकडे न्यायची आहे, कारण बाहेर पडायचं ते तेव्हा.

---

ओळंबा

काकांचं बरोबर हाय. पट्टी लावायचीच तर दोन लावू. खाली पायाशी लाल, वर निळी. लाल ठळक.

---

प्लॉटधारक

घर क्रमांक येणार नसेल तर माझा विरोध नाही. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची भिंत वापरा, विश्वस्तांशी मी बोलतो. आणि 2019 चे मूळ फोटो माझ्याकडे आहेत, जुना फोन जपून ठेवलाय.

---

गावभागची_लेक

मंडळी, आता ठरवून टाकू.

पूर्ण सांगली एकदम घ्यायची नाही. गावभाग, दत्तनगर आणि सांगलीवाडी एवढंच दिवाळीआधी. ब्रह्मनाळ-भिलवडीकडचं वेगळं करावं लागेल, कारण तिथे आयर्विन लागू नाही. भिलवडीकर, तिकडच्या गावांनी कुठली मोजपट्टी धरायची हे तुम्हीच ठरवा, आम्ही फॉर्म आणि माणसं देतो. पण रस्त्याचा प्रश्न पहिला, हे आम्हालाही लागू केलंय. फॉर्ममध्ये तो वर आणला. जनावरांचा रकाना घातलाय.

फॉर्म छोटा ठेवला. ठिकाण, कुठला पूर, पाणी कुठून आलं (नदी, नाला, गटार, मोरी), दिवस-वेळ, पुरावा काय (फोटो, गाळाची रेघ, आठवण), रस्ता कधी बंद झाला. आकडा भरायचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो नोंदवही मिळाल्यावर आपण भरू. नुसत्या आठवणीवर असलेली जागा नकाशावर फिक्या रंगात, फोटो किंवा गाळाची रेघ असलेली गडद. एका ठिकाणाबद्दल दोन घरं वेगळं सांगत असतील तर दोन्ही नोंदवायचं, वाद घालायचा नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जावर मी सही करते. हक्कवाले, मसुदा इथेच टाका, म्हणजे बाकी गावांनाही वापरता येईल.

नकाशा तयार झाला की त्याची लिंक फिरेलच, पण मला छापील फलक जास्त महत्त्वाचा वाटतो. पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांतल्या अर्ध्यांकडे साधे फोन आहेत. रेशन दुकान, दवाखाना, अंगणवाडी, दूध संकलन केंद्र, शाळा. शाळेत लावायचाच, कारण पोरं घरी जाऊन सांगतात.

पुढच्या शनिवारी सकाळी आठला सांगलीवाडीच्या टोकाला भेटू. ओळंबादादा, नळी किती लांबीची आणू?

---

ओळंबा

नळी माझ्याकडं हाय, चाळीस फुटी. तुम्ही टेप, खडू आणि पाण्याची बाटली आणा. आणि पोरं येणार असतील तर सांगा त्यांना, पायात बूट घालून या, गटाराच्या कडंनं फिरायचंय.

---

सांगलीवाडी_बुद्रुक

शनिवारी मी आहे. गोठ्यांची यादी आणि कुठल्या गोठ्याला ट्रॉली कुठवर जाते ते वडिलांकडून लिहून घेऊन येतो. वडील 2005 ला स्वतः जनावरं काढत होते, त्यांनाही आणू का? चालायला त्रास होतो, पण टोकाला खुर्ची टाकली तर बसून सांगतील.

---

गावभागची_लेक

जरूर आणा. खुर्ची मी आणते.